राखीव खेळाडूच पुढे चांगला कोच होतो का? (निमित्त : फ्रँक राइक)

दहायार्ड

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता रोमात (म्हणजे फक्त वाचत) आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या. विषय अमेरिकन फुटबॉलचा असला तरी पळून जाऊ नका. मलाही हा खेळ कळायला सहा वर्षं लागली.

मी सनीवेलला राहतो. गेल्या नोव्हेंबरात पोराला घेऊन स्टॅनफर्ड-कॅल (बर्कलीचं विद्यापीठ) मॅचला गेलो होतो. इथे तिला 'बिग गेम' म्हणतात आणि जिंकणाऱ्याला कप नाही, कुऱ्हाड मिळते. खऱ्या कुऱ्हाडीचं पातं, लाकडी फळीवर बसवलेलं. स्टॅनफर्ड ३१-१० जिंकलं. पोरं कुऱ्हाडीकडे बघत होती, मी मात्र कडेला हेडसेट लावून उभ्या असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाकडे बघत होतो. फ्रँक राइक. (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार राइकच.) एका मोसमापुरता नेमलेला कोच.

का बघत होतो ते सांगतो. वीस वर्षांपूर्वी मी बफेलोला एमएस करत होतो. आमचा घरमालक साठीचा होता, आणि अंगणातला बर्फ उपसता उपसता त्याची एकच गोष्ट चालायची. ३ जानेवारी १९९३. "मी स्टेडियममध्ये होतो." त्या दिवशी बफेलो बिल्सचा हिरो क्वार्टरबॅक जिम केली गुडघा दुखावून बाहेर. त्याच्या जागी राइक, जो सात मोसम केलीच्या मागे राखीव म्हणून बसून होता. समोर ह्यूस्टन ऑयलर्स. हाफटाइमला २८-३ असे मागे. तिसरं क्वार्टर सुरू होऊन दोन मिनिटं व्हायच्या आत राइकचा पास ऑयलर्सच्या हातात पडला आणि त्या गड्याने ५८ यार्ड पळून टचडाउन (म्हणजे बॉल थेट समोरच्या टोकाच्या रेषेपार) केला. ३५-३. लोक उठून पार्किंगकडे निघाले.

आणि मग सुमारे सात मिनिटांत बिल्सचे चार टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये आणखी एक. ऑयलर्सनी कशीबशी ३८-३८ बरोबरी साधली, पण जादा वेळेत बिल्स ४१-३८ जिंकले. तेव्हाच्या एनएफएलच्या (इथली व्यावसायिक लीग) इतिहासातली सगळ्यात मोठी पिछाडी भरून काढलेली मॅच.

आता गंमत बघा. हाच माणूस १९८४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातही राखीवच होता. मायामीविरुद्ध हाफटाइमला ३१-० मागे असताना त्याला उतरवलं आणि मेरीलँड ४२-४० जिंकलं. म्हणजे कॉलेजचा विक्रमही तेव्हा याचाच. पुढे कोच झाला, सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकणाऱ्या संघात होता, दोनदा हेड कोच झाला, दोनदा मोसमाच्या मध्यात काढला गेला.

माझं म्हणणं असं, की जो वर्षानुवर्षं कडेला उभा राहून बघतो त्यालाच खेळ पुरता दिसतो. म्हणून राखीव माणसं चांगली कोच होतात. पटतंय का? दुसऱ्या खेळांतली उदाहरणंही चालतील.

तिरकसराव

हातात बॉल धरून पळतात आणि म्हणे फुटबॉल. माझा रस तिथेच संपला होता. पण पहिला धागा आहे म्हणून कौतुक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अबोली

छान लिहिलंय. अगदी बाळबोध प्रश्न : क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का? आणि राखीव माणूस सात वर्षं नक्की करतो काय? नुसता बसतो? त्याचे पैसे मिळतात??

पिट्सबर्गचा पांडू

अबोली, प्रश्न बाळबोध नाही. थोडक्यात सांगतो (थोडक्यात मला जमत नाही, बायकोला विचारा).

चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येऊन होते. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे बाप्ये अंगावर येत असतात आणि याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, की बॉल कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, की गुपचूप आडवं व्हायचं. कोणता डाव खेळायचा ते कडेवरून कानातल्या यंत्रात सांगतात, पण समोरची मांडणी बघून आयत्या वेळी डाव बदलायचं कामही त्याचंच. कॅप्टन, यष्टिरक्षक आणि स्ट्राइकवरचा बॅट्समन एकाच माणसात कोंबा. जवळपास तसं.

राखीव क्वार्टरबॅकचं काम जास्त मजेशीर आहे. आठवडाभर सरावात तो पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, म्हणजे आपल्या बचावाच्या पोरांना सवय होते. या आठवड्यात मरिनो व्हायचं, पुढच्या आठवड्यात मून. स्वतःचे डाव तर पाठ असायलाच हवेत, कारण केव्हा उतरावं लागेल सांगता येत नाही. रविवारी हातात क्लिपबोर्ड. आणि हो, पैसे मिळतात. बरे मिळतात.

अजून एक. राइक बिल्सचा होल्डरही होता. किकर लाथ मारतो तेव्हा एक माणूस गुडघ्यावर बसून बॉल एका बोटानं उभा धरतो ना, तो होल्डर. जानेवारी १९९१ चा सुपर बोल, बिल्स २०-१९ असे मागे, काही सेकंद उरलेले, स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक. उजवीकडून बाहेर गेली. ज्या बोटाखालचा बॉल बाहेर गेला ते बोट राइकचं. बफेलोत आजही 'वाइड राइट' एवढे दोन शब्द पुरतात.

दहायार्ड

पांडूशेठ, हे होल्डरचं विसरलोच होतो! धन्यवाद. घरमालकासमोर 'वाइड राइट' म्हटलं की तो आत निघून जायचा.

खडूस मुंबईकर

लेख भावनिक आहे, पण आकडे बोलतात तेही बघा. राइक कोच म्हणून : इंडियानापोलिस कोल्ट्स २०१८ ते २०२२, ४० विजय, ३३ पराभव, १ बरोबरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये हकालपट्टी. पुढच्या मोसमात कॅरोलायना पँथर्स, ११ सामन्यांत १ विजय, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा हकालपट्टी. एका वर्षाच्या आसपास दोनदा नारळ. स्टॅनफर्डमध्ये ४-८. याला 'चांगला कोच' म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतला बंटी पण चांगला कोच.

अबोली

बंटीचं रेकॉर्ड काय आहे? :)

खडूस मुंबईकर

बंटीचं रेकॉर्ड पोलीस स्टेशनात आहे.

बेरकी बंड्या

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

झेलम_काठी

खडूसभाऊ, आकडे बरोबर, पण अर्धवट. कोल्ट्सचा पहिला मोसम बघा. २०१८ मध्ये सुरुवात १-५. सगळ्यांनी लाकडं रचली होती. त्यानंतर दहापैकी नऊ जिंकले, १०-६ करून प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेले आणि तिथे ह्यूस्टनला त्यांच्याच घरी हरवलं. क्वार्टरबॅक अँड्र्यू लक. त्या आधीचा अख्खा मोसम खांद्याच्या दुखण्यात गेलेला माणूस, तो पुन्हा फॉर्मात.

आणि मग २४ ऑगस्ट २०१९. मोसम सुरू व्हायला दोन आठवडे, आणि लक वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्त. दुखापतींना कंटाळून. बातमी सराव सामना चालू असतानाच फुटली. त्या दिवसापासून राइकला दर वर्षी नवा क्वार्टरबॅक : ब्रिसेट, रिव्हर्स, वेन्ट्झ, रायन. दर वर्षी नवीन सून आणायची आणि दिवाळीपर्यंत तिनं घरचा मसाला शिकावा अशी अपेक्षा! रिव्हर्स आला त्या वर्षी ११-५ झालं, हेही लिहा की.

तिरकसराव

म्हणजे याचं लकच रिटायर झालं म्हणा.

झेलम_काठी

तिरकसराव, ही कोटी इंडियानापोलिसमध्ये २०१९ पासून रोज चालू आहे. पण मराठीत पहिल्यांदाच वाचली, म्हणून माफ.

दहायार्ड

आणि त्याच लकनं त्याला स्टॅनफर्डला आणलं, हे मुख्य धाग्यात राहिलं. लक मूळचा स्टॅनफर्डचाच, आता तिथल्या फुटबॉलचा जनरल मॅनेजर. मार्च २०२५ मध्ये आधीच्या कोचला काढलं आणि लकनं आपल्या जुन्या कोचला फोन केला. एका मोसमापुरता ये, म्हणाला. ज्यानं ऐन वेळी हात सोडला होता त्याच्यासाठी हा गेला. माझ्या मते ४-८ पेक्षा हे जास्त बोलतं.

खडूस मुंबईकर

बोलतं ते माणूस म्हणून. कोच म्हणून काय बोलतं? तुमच्या धाग्याचं शीर्षक 'चांगला माणूस होतो का' असं नाही.

सरकारी_पाहुणा

एका मोसमापुरता म्हणजे आपल्याकडचा 'प्रभारी' हो. मी एका कार्यालयात (नाव नको) सव्वातीन वर्षं प्रभारी होतो. खुर्ची मोठी, सही चालते, पण पाटीवर नाव नाही. शिपाईसुद्धा चहा आणताना 'साहेब येईपर्यंत' अशा नजरेनं बघतो. शेवटी साहेब आले आणि पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुम्ही इथे काय बघता?" त्यामुळे या राइकबद्दल मला आपुलकी वाटते. खेळातलं काही कळत नाही.

शिवाजी_पार्क_कट्टा

दुसऱ्या खेळांतली उदाहरणं चालतील म्हणालात म्हणून येतोय. दोन नावं, दोन्ही आपल्या घरची.

पहिलं, चंद्रकांत पंडित. ५ कसोट्या, ३६ वनडे. किरण मोरेच्या काळात जन्मलेला कीपर, त्यामुळे जागा कायम दुसऱ्याची. १९८७ च्या वर्ल्ड कपचा वानखेडेवरचा सेमीफायनलही त्याला मिळाला तो वेंगसरकर आजारी पडला म्हणून. कोच झाल्यावर? मुंबईला रणजी, विदर्भाला लागोपाठ दोन रणजी, ज्या विदर्भानं तोवर एकही जिंकली नव्हती. आणि मध्य प्रदेशची गोष्ट तर कादंबरीत घातली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. १९९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचा कॅप्टन असताना बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर रणजी फायनल हरला. २०२२ मध्ये त्याच मैदानावर कोच म्हणून मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली. समोर कोण? मुंबई! आम्ही कट्ट्यावर त्या दिवशी सुतकात होतो, पण चंदूसाठी एक वडापाव जास्त खाल्ला.

दुसरं, अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून सचिन-विनोदनं ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा हाच. दिवसभर पॅड बांधून बसला, बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही मॅच नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला तेव्हा कोच कोण होता ते सांगायला नकोच.

आचरेकर सरही आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते.

धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत.

अबोली

पॅड बांधून बसलेला मुलगा... हे वाचून पोटात कालवलं.

बेरकी बंड्या

+१ कट्टा. आणि हे लिहितानाही अंगावर काटा येतो. पण खडूसभाऊंच्या बाजूनं एक सांगतो : जे राखीव खेळाडू कोच म्हणून फसले त्यांची नावं आपल्याला आठवतच नाहीत. आठवतात ते पंडित आणि मुझुमदार. शंभर राखीव, त्यांतले दोन यशस्वी, आणि आपण सिद्धांत काढला.

खडूस मुंबईकर

बंड्या शहाणा झाला. हेच म्हणत होतो.

पिट्सबर्गचा पांडू

बंड्याचा मुद्दा रास्त आहे. मग उलट्या बाजूनं बघू, मोठे क्वार्टरबॅक कोच म्हणून कसे ठरले? बार्ट स्टार घ्या. ग्रीन बे पॅकर्सचा देव. पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले, दोन्हींत सर्वोत्तम खेळाडू. त्याच पॅकर्सचा नऊ मोसम कोच होता : ५२ जिंकले, ७६ हरले, ३ बरोबरीत. गावानं त्याच्यावर प्रेम करणं सोडलं नाही, पण खुर्ची काढून घेतलीच.

आणि राखीव होते ते? मिनेसोटाचा कोच केव्हिन ओकॉनेल, राखीव क्वार्टरबॅक. डग पेडरसन, ब्रेट फार्व्हचा राखीव. रेडर्सचा टॉम फ्लोरेस पूर्वी रेडर्सकडून खेळला खरा, पण खेळाडू म्हणून त्याची सुपर बोलची अंगठी कॅन्सस सिटीच्या राखीव बाकावरची. पुढे कोच म्हणून दोन सुपर बोल जिंकले.

मला वाटतं कारण साधं आहे. ज्याला देवानं हात दिलाय त्याला आपण बॉल कसा फेकतो हे कधी समजावून सांगावं लागत नाही. स्वतःलाही नाही. राखीव माणूस समजावूनच तगतो. तो खांद्याच्या जोरावर संघात राहत नाही, तर केली मैदानातून धापा टाकत आला की त्याला दोन वाक्यांत 'डावीकडचा गडी लवकर आत येतोय' हे सांगता येतं म्हणून राहतो. म्हणजे तो आधीपासून कोचच असतो, फक्त अंगात जर्सी असते.

दहायार्ड

मला हेच म्हणायचं होतं, फक्त इतकं नीट सांगता आलं नाही.

न्यूजर्सीची_वहिनी

आमच्या मंडळात सुपर बोल म्हणजे वडापाव, मिसळ आणि मध्येच 'हे थांबले का आता?' असा प्रश्न. एकोणीस वर्षं झाली, अजून उत्तर मिळालं नाही. पण २०१८ चा तो फिलाडेल्फिया ईगल्सचा सुपर बोल आठवतोय, कारण आमच्या दक्षिण जर्सीत सगळे ईगल्सवाले. शेजारच्या आजोबांनी आमच्या अंगणात येऊन नाच केला होता, थंडीत, चपलेवर. त्यात हा राइक होता का?

झेलम_काठी

होता वहिनी. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईचा कोच. आणि या धाग्याला ती मॅच अगदी चपखल बसते. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झचा गुडघा गेला. राखीव निक फोल्स उतरला. हेड कोच पेडरसन : माजी राखीव. चढाईचा कोच राइक : माजी राखीव. समोर न्यू इंग्लंडचा टॉम ब्रेडी. ४१-३३ ईगल्स. फोल्स सर्वोत्तम खेळाडू. त्या 'फिली स्पेशल' डावात तर क्वार्टरबॅकनंच पास झेलून टचडाउन केला, तोही चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात. राखीव माणसाला पहिल्यांदा उभं राहताना मनात काय चालतं, हे त्या संघात सांगू शकणारे दोघं होते.

खडूस मुंबईकर

डाव पेडरसन पुकारायचा, राइक नाही. श्रेय वाटताना जपून.

झेलम_काठी

मान्य. डाव पुकारणारा पेडरसन. पण आठवडाभर डावांची यादी बसून तयार करतात त्यात राइक होता, आणि पेडरसननं हे कधी नाकारलं नाही. आपल्याकडे लग्नात आचारी एक असतो पण मसाला वाटणारी आत्या वेगळी असते. जेवण झाल्यावर आचाऱ्याला नारळ मिळतो.

सरकारी_पाहुणा

नारळ म्हणजे चांगल्या अर्थानं ना? या धाग्यात नारळाचे दोन अर्थ झालेत.

पिट्सबर्गचा पांडू

कोल्ट्सची नोकरीही राइकला राखीव म्हणूनच मिळाली, हे कुणी लिहिलं नाही अजून. सुपर बोलनंतर दोन दिवसांनी कोल्ट्सनी न्यू इंग्लंडच्या जॉश मॅकडॅनियल्सचं नाव जाहीर केलं. त्याच संध्याकाळी त्यानं माघार घेतली. साखरपुडा झाल्यावर नवरा पळाल्यासारखं. मग राइकला बोलावलं. पहिल्याच पत्रकार परिषदेत तो स्वतःच म्हणाला, की राखीव भूमिका मला आयुष्यात मानवलेली आहे.

मध्ये काही वर्षं तो फुटबॉलमध्ये नव्हताच, हेही सांगतो. खेळणं संपल्यावर ईश्वरशास्त्र शिकला आणि २००३ ते २००६ शार्लटला एका सेमिनरीचा, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेचा, अध्यक्ष होता. तिथून कोल्ट्समध्ये शिकाऊ म्हणून आला. पंचेचाळिशीच्या आसपास, शिकाऊ! मग पेटन मॅनिंगचा क्वार्टरबॅक कोच. वयाच्या त्या टप्प्यावर आपण साधा विभाग बदलायला घाबरतो.

तिरकसराव

पाद्री, कुऱ्हाड, आत्या, नारळ. धागा फुटबॉलचा आहे ना? खात्री करून घेतोय.

विंगेतून

मी इथे सहसा लिहीत नाही, नाटकाच्या धाग्यांवर असते. पण एक सांगावंसं वाटलं.

माझे आजोबा सांगलीकडच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर, मांडीवर वही, वहीवर कंदील असा धरलेला की उजेड फक्त पानावर पडावा, रंगमंचावर नाही. सगळ्या नाटकातल्या सगळ्या भूमिका त्यांना पाठ. बायकांच्याही. एकदा मिरजेच्या प्रयोगाला मुख्य नटाला ताप भरला आणि आजोबा धोतर बदलून आत गेले. आजी सांगायची, की ते एकही ओळ चुकले नाहीत, पण आवाज मात्र विंगेतलाच राहिला. हळू. पाचव्या रांगेच्या पुढे पोचलाच नाही. लोकांनी 'मोठ्यानं बोला' म्हणून ओरडा केला. पुन्हा कधी ते उभे राहिले नाहीत. पण पुढे त्यांनी तालमी घेतल्या, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. कारण कुठे पोचत नाही हे त्यांनी ऐकलेलं होतं.

राइकचं वाचून ते आठवले. फरक इतकाच की त्याचा आवाज त्या दोन दिवशी पोचला.

अबोली

विंगेतून, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना. प्लीज.

शिवाजी_पार्क_कट्टा

_/\_

खडूस मुंबईकर

विंगेतून, सुंदर. माझं मत बदललं नाही, पण सुंदर.

आता मत : पँथर्सचं २०२३. कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ब्राइस यंगला घेतलं, दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनला सी. जे. स्ट्राउड मिळाला. स्ट्राउडनं पहिल्याच वर्षी धमाल केली, यंग आडवा पडत राहिला. राइकनं डाव पुकारणं सहकाऱ्याकडे दिलं, मग परत स्वतःकडे घेतलं. हे गोंधळलेल्या माणसाचं लक्षण आहे. क्वार्टरबॅक घडवणारा म्हणून आणला आणि तेच जमलं नाही.

झेलम_काठी

पँथर्सचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. तो मोसम वाईटच होता. अकरा सामन्यांत काढणं घाई होती असं माझं मत, पण वाईट होता. आणि त्यात टोचणारी गोष्ट अशी, की १९९५ मध्ये पँथर्स संघ जन्माला आला तेव्हा त्यांचा पहिला क्वार्टरबॅक राइकच होता. तीन सामने, तिन्ही हरले, मग केरी कॉलिन्सला जागा दिली. दोन्ही वेळा त्या गावानं त्याला लवकर उठवलं.

बेरकी बंड्या

गोंधळलेला म्हणता खडूसभाऊ, पण २०१८ ची ती जादा वेळेतली मॅच आठवा. ह्यूस्टनविरुद्ध ३४-३४, अर्धी मिनिटसुद्धा उरलेली नाही, कोल्ट्स स्वतःच्याच भागात ४३ यार्डावर, चौथा प्रयत्न, चार यार्ड हवेत. कुठलाही शहाणा माणूस लाथ मारून बॉल लांब घालवतो आणि बरोबरी पदरात घेतो. हा खेळला. पास पडला, ह्यूस्टन किक मारून ३७-३४ जिंकलं. नंतर विचारलं तर म्हणाला, पुन्हा वेळ आली तरी असंच करीन. मला तेव्हा शिव्या घालाव्याशा वाटल्या होत्या. पण ३५-३ मधून परत आलेल्या माणसाला बरोबरी कशी गोड लागणार?

पिट्सबर्गचा पांडू

दोन योगायोग सांगून झोपतो, उद्या सकाळी मीटिंग आहे.

एक. १९८४ ला ३१-० वरून हरलेल्या मायामीचा कोच जिमी जॉन्सन. १९९३ च्या त्या चमत्कारानंतर बिल्स सुपर बोलमध्ये पोचले. तिथे केली पुन्हा जखमी, राइक पुन्हा आत. समोर डॅलस, कोच जिमी जॉन्सन. ५२-१७. या वेळी जॉन्सननं सगळं वसूल केलं.

दोन. राइकचा तो ३२ गुणांचा विक्रम जवळजवळ तीस वर्षं टिकला. १७ डिसेंबर २०२२ ला मोडला. मिनेसोटा हाफटाइमला ३३-० मागे होते आणि ३९-३६ जिंकले. मिनेसोटाचा कोच तोच ओकॉनेल, राखीव. आणि ३३-० ची आघाडी घालवणारा संघ कोणता? इंडियानापोलिस कोल्ट्स. राइकला काढून सहा आठवडेही झाले नव्हते.

अबोली

काय सांगता!!

खडूस मुंबईकर

हे मात्र मला माहीत नव्हतं. घ्या, एक गुण राइकला.

तिरकसराव

खडूसनं गुण दिला! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

न्यूजर्सीची_वहिनी

मूळ प्रश्नाचं काय झालं मग? राखीव चांगला कोच होतो की नाही? उद्या नवऱ्याला सांगायचं आहे, त्याच्या ऑफिसातही सध्या असंच काहीतरी चालू आहे.

विंगेतून

होतो. पण गावानं त्याला वेळ द्यायला हवा, आणि ते बहुधा देत नाहीत.

दहायार्ड

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एक पुरवणी देतो.

काल हा धागा वाचता वाचता बफेलोच्या घरमालकाला फोन लावला. आता ऐंशी पार. आवाज खणखणीत. म्हटलं, आमच्या लोकांमध्ये तुमच्या मॅचची चर्चा चालू आहे. फार खूश झाला. मग मी सहज विचारलं, ३५-३ ला लोक उठून गेले तेव्हा तुम्ही कसे थांबलात?

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, की तो हाफटाइमलाच निघाला होता. थंडी होती, मेहुणा बरोबर होता, मेहुण्याला घाई होती. तिकिटं वेळेत संपली नव्हती म्हणून गावात टीव्हीवरही मॅच दाखवत नव्हते. रेडिओ लावून गाडीत बसले. तिसऱ्या टचडाउनला गाडी वळवली. परत आले तर गेट बंद, आणि लोक कुंपणावरून चढून आत जात होते. मेहुणा चढला. याला चढता आलं नाही, तेव्हाही वजन होतं म्हणे. चौथ्या टचडाउनपासून शेवटच्या किकपर्यंत सगळी मॅच त्यानं कुंपणाबाहेर उभं राहून ऐकली, आतल्या आवाजावरून.

"म्हणजे स्टेडियममध्येच की," असं मी म्हणालो.

तो म्हणाला, "तेहतीस वर्षं हेच सांगतोय लोकांना."

खडूस मुंबईकर

मेहुणा काय म्हणतो?

दहायार्ड

मेहुणा ऑयलर्सवाला होता.